दोन चाकोऱ्या

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून वावराकडे जाणारी पांदण थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसहाला धुक्याने भरलेली असते, आणि नेमके त्याच वेळी माझे आईवडील घराबाहेर पडतात. बाबांच्या खांद्यावर दुपट्टा आणि डाव्या हातात काठी असते, तर आईच्या हातात विळा असतो. त्या विळ्याला त्या फेरीत काहीच काम नसते. वावर गेली चार वर्षे मक्त्याने दिलेले आहे, आणि आईला वाकून गवत कापता येईल असे तिचे गुडघे राहिलेले नाहीत. वाटेत कोणी ‘कुठी चालले जी?’ असे विचारलेच, तर ‘वावरात’ असे उत्तर देता यावे, एवढ्यासाठी तो विळा सोबत असतो. आमच्या गावात चालण्याला कारण लागते. वावर, बाजार, दवाखाना, कुणाची मयत किंवा शेगावची पायदळ वारी, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. दोन म्हातारी माणसे केवळ आपले सांधे चालते राहावेत म्हणून चालतात, हे कारण अजून गावाच्या अंगवळणी पडलेले नाही, आणि खरे सांगायचे तर ते आमच्या घराच्याही अंगवळणी पडायला फार उशीर झाला.

गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात. आईच्या तोंडून ‘टोंगळे धरले’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती साठीच्या आसपास होती. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि बाबा शहात्तर वर्षांचे. तिचे दोन्ही गुडघे झिजेच्या संधिवाताचे आहेत. बाबांचा उजवा खुबा आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांचे मूळ याच दुखण्याने धरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 साली जगात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना झिजेचा संधिवात होता, त्यांपैकी सुमारे 73 टक्के लोक पंचावन्न वर्षांवरील होते आणि 60 टक्के स्त्रिया होत्या. गुडघा हा त्यातला सर्वांत जास्त दुखणारा सांधा आहे. आमच्या गावातल्या कोणत्याही ओट्यावर संध्याकाळी बसलेल्या बायकांकडे पाहिले, की हे आकडे खरे वाटायला वेगळ्या पुराव्याची गरज राहत नाही. ज्यांनी तीस-चाळीस पावसाळे उकिडवे बसून निंदण केले आणि तेवढेच हिवाळे कमरेला ओटी बांधून कापूस वेचला, त्यांच्यापैकी उठताना ज्यांचा हात टोंगळ्यावर जात नाही अशा बायका थोड्याच सापडतात.

दुखणे वाढले तेव्हा आम्ही आईला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, दोन हाडांमधली फट बोटाने दाखवली आणि सांगितले, ‘हाडे झिजली आहेत, आता जपा.’ पुढची दोन वर्षे आईला दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळ्यांची पुडी मिळत राहिली. दीर्घकाळ घेतलेल्या या गोळ्या पोटाच्या अस्तराला, रक्तदाबाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, हे आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही. परंतु या सगळ्यात मला आजही अधिक टोचतो तो ‘जपा’ हा शब्द, कारण तो आम्ही मुलांनी उचलला आणि मनापासून अमलात आणला. मी दर सुट्टीला गावी जायचे आणि आईच्या हातून एकेक काम काढून घ्यायचे. नळाचे पाणी स्वयंपाकघरापर्यंत आणले, सडा-सारवण बंद करून फरशी बसवली, भांड्यांना बाई लावली. यातले काहीही चुकीचे नव्हते. चूक ही होती की, काढून घेतलेल्या हालचालीच्या जागी मी दुसरे काहीच ठेवले नाही. टीव्हीसमोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिला म्हटले, ‘आयुष्यभर राबलीस, आता बस.’ ती बसली.

आणि ती बसल्यावर बाबाही बसले. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली, कारण त्यांचा खुबा तेव्हा इतका दुखत नव्हता आणि त्यांना कोणी ‘जपा’ असे सांगितलेलेही नव्हते. पण त्यांचे वावरात जाणे आईच्या शिदोरीशी बांधलेले होते. ती दहा वाजता भाकर घेऊन यायची, म्हणून ते सहा वाजता निघायचे, आणि ती निंदायला यायची, म्हणून ते डवरा हाकायचे. तिचे येणे थांबले तसे त्यांचे जाणे आधी उशिरा होऊ लागले, मग एक दिवसाआड होऊ लागले आणि शेवटी वावर मक्त्याने गेले. एका घरात दोन संधिवाताची माणसे असतात तेव्हा ती दोन स्वतंत्र दुखणी नसतात, हे मला त्या दोन वर्षांनी शिकवले. एकाचे बसणे दुसऱ्याला बसवते. आईचे वजन त्या काळात सात किलोंनी वाढले, बाबांचा उजवा पाय लचकू लागला आणि दोघेही घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागली.

पुढे एका नातेवाइकाच्या आजारपणात आम्हा सगळ्यांचे सेवाग्रामला जाणे-येणे वाढले, आणि त्या निमित्ताने आईला तिथल्या अस्थिरोग विभागात दाखवले. गांधीजी 1936 साली ज्या गावी राहायला आले आणि जिथे त्यांचे रोजचे फिरणे हा आश्रमाच्या दिनक्रमाचा भाग होता, त्याच गावी 1969 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आईला चालायला सांगितले जावे, याचे मला नंतर विशेष वाटत राहिले. तिथल्या तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंनी फोटोकडे एकदाच पाहिले. मग त्यांनी आईला उंच खुर्चीवर बसवले, तिच्या गुडघ्याच्या वर मांडीवर स्वतःचा तळहात ठेवला आणि पाय सरळ करायला सांगितले. पाय हळूहळू वर आला, थरथरला आणि खाली गेला. मग त्यांनी माझा हात धरून त्याच जागी ठेवला आणि पुन्हा पाय उचलायला लावला. लुगड्याच्या कापडाखाली काहीतरी आवळले जाईल असे मला वाटले होते, पण हाताला लागली ती भिजलेल्या कापसासारखी सैल मांडी. ज्या मांडीने मला कडेवर घेऊन धुऱ्यावरून चालवले होते, ती आता एका पायाचे वजन दहा सेकंदही धरू शकत नव्हती. ‘झीज आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण गुडघ्याला सावरणारा हा स्नायू गेला आहे, तो परत आणता येतो.’

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या गावच्या समजुतीच्या अगदी उलट होती. गावात म्हणतात, टोंगळ्यातले तेल संपले, आता जितके चालाल तितका तो घासला जाईल. परंतु हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात जिरतो तो दाब पडण्याने आणि सुटण्याने. पाऊल टेकते तेव्हा ती दाबली जाते आणि उचलले की सैल होते. म्हणजे न चालणारा सांधा जपला जात नसतो, त्याची उपासमार होत असते. अर्थात झिजलेली कूर्चा चालण्याने पुन्हा उगवत नाही, आणि ती उगवते असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. व्यायामाने दुखणे नाहीसे होत नाही, तर ते कमी होते आणि त्याच्यासह जगता येईल इतके बळ येते. आईला हे नेमके याच शब्दांत सांगितले गेले, म्हणून पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही तेव्हा तिचा धीर सुटला नाही.

खरी अडचण ‘व्यायाम’ या शब्दाची होती. बाबांच्या पिढीला व्यायाम म्हणजे आखाडा, लाल माती, जोर आणि बैठका. अमरावतीत 1914 साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव ते तरुणपणापासून आदराने घेत आले, आणि त्या आदरातच ही गोष्ट दडलेली होती की व्यायाम हे विशीतल्या पोरांचे काम आहे. आईचा आक्षेप वेगळा होता. ‘जलमभर वावरातच व्यायाम केला न वो बाई, आता कायचा व्यायाम?’ असे ती म्हणाली, आणि या प्रश्नात जो थकवा आहे त्याला उडवून लावण्याचा अधिकार शहरात वाढलेल्या कोणालाही नाही. शेतीचे काम हे श्रम आहेत, पण ते शरीराला विचारून होत नाहीत. निंदणाला बसलेली बाई गुडघा दुखला म्हणून तास अर्धवट सोडू शकत नाही, आणि वेचणीला वाकलेली बाई दर दहा मिनिटांनी पाठ सरळ करत बसली तर तिची रोजी बुडते. त्या कामाने काही स्नायू घट्ट होतात, काही तसेच राहतात आणि काही सांध्यांवर वर्षानुवर्षे एकाच तऱ्हेचा भार पडत जातो. व्यायामात तेवढाच भार मोजून द्यायचा असतो, वाढवायचा तोही सावकाश, आणि थांबायचे कधी हे आपण ठरवायचे असते. आईला हे समजावताना मी बरेच शब्द खर्च केले. तिला पटले ते मात्र फिजिओथेरपिस्ट बाईंच्या एका साध्या नियमाने. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांत आधीइतके खाली आले तर ठीक, त्यापेक्षा जास्त वेळ राहिले तर दुसऱ्या दिवशी थोडे कमी करायचे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला काम देऊन वर ‘दुखले तर कमी कर’ असे सांगत होते.

बाबांचे मन वळले ते खुर्चीवरून. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे आणि पुन्हा सावकाश बसायचे, असे दहा वेळा करायचे, हा व्यायाम आईसाठी होता आणि बाबा शेजारी उभे राहून पाहत होते. तीन-चार वेळा पाहिल्यावर ते म्हणाले, ‘म्हंजे अर्धी बैठकच म्हना न हे.’ आणि काठी भिंतीला टेकवून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. त्या दिवसापासून आमच्या ओसरीत सकाळ-संध्याकाळ दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जातात. दोघांचे गुडघे एकाच वेळी सरळ होतात आणि एकाच वेळी वाकतात, आणि दहा सेकंद पाय धरून ठेवायचा असतो तेव्हा आई मोजते, कारण बाबा घाईने मोजतात.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पहिल्या काही आठवड्यांत बाबांच्या अंगात जो उत्साह आला त्याने आईचे चालणे जवळजवळ बंद पाडले होते. ते तिला उठल्यापासून ‘चाल, चाल’ म्हणत मागे लागायचे, ती नको म्हणाली की रागवायचे आणि सुनेसमोर तिच्या वाढलेल्या वजनाचा उल्लेख करायचे. मीही फोनवरून तेच करत होते. ‘आज किती चाललीस?’ हा माझा पहिला प्रश्न असायचा, आणि तिच्या उत्तरातला संकोच मला ऐकू येत असूनही मी तो सोडत नसे. पुढे या विषयावर वाचताना मला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील लिन मार्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सापडला. गुडघ्याचा संधिवात असलेल्या शंभराहून अधिक विवाहित व्यक्तींच्या अंगावर त्यांनी हालचाल मोजणारे यंत्र 22 दिवस लावले आणि जोडीदार कसा वागला याची रोज नोंद घेतली. ज्या दिवशी जोडीदाराने समजून घेत, ठरवण्याचे स्वातंत्र्य देत साथ दिली, त्या दिवशी रुग्णांची हालचाल वाढलेली होती. ज्या दिवशी जोडीदाराने दबाव आणला, त्या दिवशी पुरुष रुग्णांची हालचाल उलट घटलेली होती. आमच्या घरात दबावाखाली बसून राहणारी आई होती, म्हणून मला तो निष्कर्ष केवळ पुरुषांपुरता वाटला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2015 साली 3,722 जोडप्यांविषयी जे मांडले तेही मला आमच्याच ओसरीचे वर्णन वाटले. पन्नाशीपुढच्या या जोडप्यांत जोडीदार नव्याने व्यायाम करू लागला, तर दुसऱ्यानेही तो सुरू करण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते, आणि जोडीदार आधीपासून तसा वागत असण्यापेक्षा दोघांनी एकत्र बदल करण्याचा परिणाम मोठा होता.

एकत्र चालणे आमच्याकडे सोपे नव्हते, कारण आईवडील आयुष्यात कधी एकत्र चाललेच नव्हते. बाजाराला जाताना, लग्नाला जाताना किंवा एसटीच्या थांब्यावर जाताना बाबा दहा पावले पुढे असत आणि आई मागे. गावातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्याच जोडप्यांची ती रीत आहे. पहिल्या दिवशीही ते पांदणीवर तसेच निघाले. बाबा पुढे गेले, वळून पाहिले, थांबले, पुन्हा पुढे गेले. आईने मागून हाक दिली, ‘अजी, दमानं चाला न.’ तिला गाठण्यासाठी घाई करावी लागत होती, आणि घाईने टाकलेले पाऊलच गुडघ्याला सर्वांत जास्त दुखवते. त्यावर तोडगा काढला तो पांदणीने. आमच्या पांदणीवर बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आहेत आणि मध्ये गवताचा उंचवटा आहे. पावसाळ्यानंतर पायाखाली सपाट जमीन मिळते ती फक्त त्या चाकोऱ्यांत, बाकी सगळी ढेकळे असतात. एका चाकोरीत दोघांनी मागेपुढे चालायचे म्हटले की काठी अडखळते. म्हणून बाबा डाव्या चाकोरीत आले आणि आई उजव्या, आणि पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती दोघे खांद्याला खांदा लावून चालू लागली. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते, त्यामुळे बाबांची काठी बाहेरच्या बाजूला राहते आणि आईकडचा हात मोकळा असतो. वेग आता आईचा असतो. बाबांना तो कमी वाटतो, पण त्या वेगात दोघांना बोलता येते, आणि दम न लागता बोलता येणे पण गाणे म्हणता न येणे हीच मध्यम हालचालीची खूण मानतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि वयस्कांसाठी स्नायूंच्या बळाचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम वेगळे सांगितले आहेत. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी झेपेल तेवढे करावे, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या आईवडिलांनी आठ मिनिटांपासून सुरुवात केली. आज थंडीत ते पस्तीस मिनिटे चालतात. विदर्भात मात्र ऋतू विचारात घ्यावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि सकाळी सातनंतर बाहेर पडणे धोक्याचे असते, म्हणून त्या दिवसांत ते साडेपाचलाच निघून परततात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो आणि पांदण बंद होते. तेव्हा ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालतात. फेऱ्या मोजायला आईने दोन वाट्या ठेवल्या आहेत. एका वाटीत सरकीचे वीस दाणे असतात, आणि प्रत्येक फेरीला एक दाणा दुसऱ्या वाटीत पडतो. बाबांच्या अंगठ्याला तो बारीक दाणा उचलणे सुरुवातीला जमत नसे, आणि आई तो आपल्या हाताने उचलून न देता ते उचलेपर्यंत थांबत असे.

त्यातूनच बाबांच्या हातांचा व्यायाम निघाला. आई देवासाठी वाती वळते. एका संध्याकाळी तिने कापसाचा पेळू त्यांच्या हातात दिला. वात वळताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकी फिरत राहतात, जोर लागत नाही आणि बोटे शेवटपर्यंत वळतात. गरम पाण्यात हात बुडवून झाल्यावर ते आता रोज दहा-पंधरा वाती वळतात. त्यांच्या वाती जाड होतात आणि समईत लवकर जळतात. पण सकाळी सदऱ्याची गुंडी लावायला आता ते आईला हाक मारत नाहीत.

आईचे वजन वर्षभरात तीन किलोंनी उतरले आहे. वजन एक किलोने कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे अमेरिकेतील स्टीफन मेसियर यांच्या 2005 च्या अभ्यासात आढळले होते. बाबांनी लगेच हिशेब केला, पावलागणिक बारा किलो, म्हणजे कापसाचे एक लहान गाठोडे.

हे सगळे सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल, सकाळचा ताठरपणा तासापेक्षा जास्त टिकत असेल किंवा हाताची बोटे दोन्ही बाजूंना सारखीच सुजत असतील, तर तो झिजेचा नाही, वेगळा संधिवात असू शकतो. त्याला वेगळे औषध लागते आणि ते लवकर लागते. आणखी एक गोष्ट मला बेचैन करते. आमच्या शेजारच्या काकू एकट्या आहेत. त्यांचेही टोंगळे तसेच आहेत, पण समोरच्या खुर्चीवर बसून पाय सोबत उचलणारे कोणी त्यांच्याकडे नाही. आई आता संध्याकाळी त्यांना आमच्या ओसरीत बोलावते. तिसरी खुर्ची मांडली जाते, आणि मोजणे काकूंकडे असते.

गेल्या आठवड्यात मी गावी होते आणि त्यांच्या मागे मागे पांदणीवर गेले. वावराच्या अलीकडे एक कोरडा नाला आहे, आणि तिथे पांदण खाली उतरून पुन्हा वर चढते. पूर्वी ते नाल्याच्या अलीकडूनच परतत असत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पायऱ्यांसाठी सांगितलेले सूत्र त्यांनी आता नाल्याला लावले आहे. चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा. बाबांना यात विचार करावा लागत नाही, कारण त्यांचा दुखरा पाय ठरलेला आहे. आईचे मात्र दोन्ही गुडघे दुखरे आहेत. काठावर येऊन दोघे थांबली. बाबांनी काठी मातीत रोवली, मोकळा हात गवताच्या उंचवट्यावरून तिच्याकडे केला आणि विचारले,

‘आज कोनता चांगला हाये वो?’

आईने विळा कमरेला खोचला, आधी एका पायावर भार दिला, मग दुसऱ्या पायावर, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

‘आज डावा,’ ती म्हणाली, आणि उजवे पाऊल तिने उतारावर टाकले.